दगड वर चढतो की खाली उतरतो? शीळफाट्याजवळच्या एका दगडखाणीतील डंपरांच्या उत्सर्जनाचे प्रकरण

पारसिकच्या डोंगररांगेच्या पश्चिमेला ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंतचा औद्योगिक पट्टा आहे, तर पूर्वेला मुंब्रा आणि शीळ. या डोंगरातील काळ्या दगडावर ठाणे आणि नवी मुंबईच्या कित्येक इमारती, पूल आणि रस्ते उभे राहिले आहेत. पूर्व उतारावरच्या अशाच एका खाणीचे हे प्रकरण आहे. खाणीचे आणि मालकांचे नाव येथे दिलेले नाही. त्याने विषयात काही उणे पडत नाही. पुढील हिशेबातील आकडे मात्र कोणालाही पडताळता यावेत म्हणून गोल घेतले आहेत आणि ते कसे काढले तेही सांगितले आहे.

प्रश्न खाणीत निर्माण झाला नाही, तो गिऱ्हाइकाकडून आला. या खाणीची खडी घेणाऱ्या तयार काँक्रीटच्या कारखान्याने विचारणा केली की, एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट, खडीमागे किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला, तेव्हापासून मोठ्या कंपन्यांची ही विचारणा पुरवठादारांच्या साखळीतून खाली झिरपत आली आहे. मालकांनी त्यावर सरळ तोडगा काढला होता. जुने डिझेल डंपर काढायचे, इलेक्ट्रिक घ्यायचे आणि कारखान्याला तसे लेखी कळवायचे. एका विक्रेत्याचे दरपत्रकही आले होते. ते पाहून किती उत्सर्जन वाचेल एवढे सांगावे, असे माझ्याकडे काम होते. मी आधी खाण पाहायला मागितली, कारण डंपर किती डिझेल पितो हे डंपरपेक्षा खाणीवर अधिक अवलंबून असते.

एका खेपेचा हिशेब

या खाणीचे दोन भाग आहेत आणि या प्रकरणातील बहुतेक सारे निर्णय त्या दोन भागांवर ठरले. क्रशर, म्हणजे दगड फोडून खडी करणारे यंत्र, डोंगराच्या मधल्या सपाटीवर आहे. त्याच्या वरच्या बाजूला डोंगराचा उभा कापलेला कडा आहे आणि तेथला दगड उताराने खाली क्रशरकडे येतो. क्रशरच्या खालच्या अंगाला मात्र वर्षानुवर्षे खोदून खोल खड्डा झाला आहे. तेथला दगड चढ चढून वर आणावा लागतो. डिझेलच्या वहीत दोन्ही भागांची नोंद एकाच रकान्यात होत होती, म्हणून मालकांना खाणीची एकच सरासरी दिसत असे.

खालच्या खड्ड्यातील एक खेप घेऊ. दहा चाकी डंपर रिकामा १२ टन, त्यात दगड १६ टन, म्हणजे भरून २८ टन. खड्ड्याच्या तळापासून क्रशरपर्यंत उंची ४० मीटर. उघड्या खाणीतील वाहतुकीच्या रस्त्याला १६ मीटरला १ मीटर हा चढ सर्वसाधारणपणे कमाल मानतात. त्या मानाने ६४० मीटरचा चढ आणि वर-खाली मिळून ३६० मीटर सपाट, असा एकेरी एक किलोमीटरचा रस्ता धरू. एक लिटर डिझेल जळले की सुमारे ३६ मेगाज्यूल उष्णता निघते. त्यातील जेमतेम एक तृतीयांश, म्हणजे १२ मेगाज्यूल, चाकापर्यंत पोहोचते. बाकीची रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून निघून जाते. त्याच एका लिटरमधून सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तेवढ्या मापांवर सगळा हिशेब बसतो.

१६ टन दगड ४० मीटर उचलायला लागते सव्वासहा मेगाज्यूल ऊर्जा, म्हणजे अर्ध्या लिटरहून किंचित अधिक डिझेल. ज्यासाठी हा सगळा व्याप मांडला आहे ते काम एवढेच. डंपरचे स्वतःचे १२ टन लोखंड वर चढवायला आणखी ०.४ लिटर लागतात. मग येतो रस्त्याचा रोध, ज्याला खाणीतील अभियंते रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. चांगल्या दाबलेल्या, कोरड्या, कठीण रस्त्यावर तो वाहनाच्या वजनाच्या दोन टक्के असतो. सैल, खड्ड्यांच्या, चाकोऱ्या पडलेल्या रस्त्यावर पाच टक्के होतो आणि चिखलात आठ टक्क्यांच्याही पुढे जातो. रोधाचा एक टक्का म्हणजे चढाचा एक टक्का. रस्ता पाच टक्क्यांचा असेल तर भरलेल्या डंपरला त्या एका किलोमीटरमध्ये केवळ चाके फिरती ठेवायला ११४० मिलिलिटर डिझेल जाळावे लागते, म्हणजे दगड उचलण्याच्या दुपटीहून जास्त. रिकामे परतताना सपाटीवर आणखी थोडे. आणि एका खेपेमागे डंपर इंजिन चालू ठेवून पंधरा मिनिटे उभा राहिला तर, उभ्या इंजिनाला तासाला अडीच लिटर धरून, आणखी ०.६ लिटर.

बेरीज होते खेपेला सुमारे २.८५ लिटर आणि ७.६ किलो कार्बन डायऑक्साइड. ब्रासमागे साडेचार टनांच्या आसपास दगड धरला तर ब्रासला दोन किलोंहून थोडा अधिक. त्यातला दगडाचा खरा वाटा पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहे. इंजिन बदलावे, इंधन बदलावे की गाडीच बदलावी, हा विचार या बेरजेनंतरच करण्यासारखा आहे.

रांग कशामुळे लागते

खड्ड्याच्या तळाशी उभे राहिले की दिसते ते असे. पोकलेन एक डंपर भरते आहे, मागे तीन डंपर घरघरत उभे आहेत आणि बाजूला दुसऱ्या मशीनचा ब्रेकर एका खोलीएवढ्या दगडावर ठोके मारतो आहे. पोकलेनच्या बादलीत न मावणारा असा दगड मधोमध आला की भरणे थांबते, ब्रेकरवाल्याला हाक जाते, तो येऊन दगड फोडेपर्यंत रांगेतले सगळे थांबतात, आणि थांबलेल्या एकाही डंपरचे इंजिन बंद होत नाही.

इंजिन बंद का करत नाही, हे मी रांगेतल्या एका वयस्कर चालकांना विचारले. ते म्हणाले, “साहेब, गाडी बंद केली की एअर उतरते. परत चालू करून प्रेशर भरेपर्यंत मागचा नंबर लावतो आणि आपली खेप जाते. शिवाय सेल्फचा भरवसा नाही, ढकलायला इथे कोण आहे?” हे उत्तर मला फार मोलाचे वाटते. चालकांनी निष्काळजीपणा सोडावा असे फलक त्या तळाशी आधीच लावलेले होते आणि त्यांचा काही उपयोग झालेला नव्हता, कारण मुळात निष्काळजीपणा नव्हताच. एअर ब्रेकच्या नळ्यांच्या सांध्यांतून हवा गळत होती, बॅटऱ्या जुन्या झाल्या होत्या आणि चालकांचा मेहनताना खेपेवर होता. अशा स्थितीत इंजिन चालू ठेवणे हाच शहाणपणा होता.

म्हणून उपायही त्याच क्रमाने झाला. आधी गळती काढली, बॅटऱ्या बदलल्या. मग खेपेवरचा मेहनताना बदलून पाळीला ठरावीक पगार आणि वर पूर्ण दिवसाच्या एकूण टनांवर सर्व चालकांमध्ये समान वाटणी, अशी रचना झाली. नंबर मारण्यातला फायदाच त्यामुळे संपला. मालकांना ही दुसरी गोष्ट पचायला जड गेली, कारण खेपेचा हिशेब सोपा असतो. पण वजनकाटा खाणीत होताच. टन मोजणे त्यांना नवे नव्हते.

मोठ्या दगडांचा प्रश्न याहून खोल आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर एकसारखे नाहीत. घट्ट काळ्या बेसॉल्टच्या थरात नैसर्गिक भेगा असतात आणि सुरुंगाची ताकद त्या भेगांतून निसटून जाते; मग दगड बारीक होण्याऐवजी भेगेभेगेला सुटून मोठाले तुकडे पडतात. त्यावरच्या सच्छिद्र थरात तेच भोक, तेच अंतर आणि तेवढीच दारू चालून जाते. या खाणीत सगळीकडे एकच आखणी वापरली जात होती. घट्ट थरात भोकांमधले अंतर कमी केले आणि भोकाच्या तोंडाशी भरायची खडी नीट दाबून भरली, तेव्हा बादलीत न मावणारे दगड उघडच कमी झाले. सुरुंगाचा खर्च वाढला खरा. पण ब्रेकरचे डिझेल, रांगेतले डिझेल आणि क्रशरची वीज या तिन्ही ठिकाणी तो भरून निघाला. उत्सर्जनाच्या अहवालात सुरुंगाच्या आखणीला कोणी जागा देत नाही, आणि माझ्या मते ती पहिल्या पानावर असायला हवी.

रस्ता

या प्रकरणातली सर्वांत मोठी बचत रस्त्यात होती. वरील हिशेबात रोध पाच टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आणला, तर भरलेल्या खेपेत ११४० मिलिलिटरच्या जागी ४६० मिलिलिटर पुरतात. उभे राहणे पंधरा मिनिटांवरून चारवर आले तर ०.६ लिटरच्या जागी ०.१७ लिटर. दोन्ही मिळून खेप २.८५ लिटरवरून १.६ लिटरवर येते आणि उत्सर्जन ७.६ किलोंवरून ४.३ किलोंवर. एकही नवी गाडी न घेता चाळीस टक्क्यांहून अधिक घट होते. डिझेल लिटरला नव्वद रुपयांच्या आसपास धरले तर खेपेमागे शंभर रुपयांहून अधिक वाचतात. हा आकडा मालकांनी कागदावर दोनदा तपासून पाहिला.

रस्त्याला लागणारे सगळे साहित्य खाणीतच होते: डबर, खडी, ग्रिट आणि क्रशरची भुकटी. नव्हती ती शिस्त. आधी चिखल आणि सैल माल खरवडून काढला, कारण त्यावरच नवा थर टाकला तर पहिल्या पावसात तो खाली बसतो. मग डबराचा थर, त्यावर मोठी खडी, वर ग्रिट आणि भुकटीचे मिश्रण, प्रत्येक थरावर रोलर. मधोमध थोडा उंचवटा ठेवून दोन्ही बाजूंना उतार दिला, डोंगराच्या अंगाला गटार काढले आणि दरीच्या अंगाचा संरक्षक बांध चाकाच्या निम्म्या उंचीपर्यंत पुन्हा उभा केला. गटार हा या सगळ्याचा प्राण आहे. ठाण्याच्या पावसात पाण्याला वाट दिली नाही तर ते रस्त्यालाच वाट करते आणि मग थर कितीही चांगला असो, तो आठवडाभरही टिकत नाही.

धुळीसाठी पाणी मारण्याची पद्धतही बदलावी लागली. टँकर सकाळी एकदा येऊन रस्ता भिजवून जात असे. दुपारी पुन्हा धूळ आणि सकाळी मात्र रेंदा. आता थोडे थोडे पाणी अनेकदा मारतात. भरून जाणाऱ्या डंपरमधून सांडलेले दगड उचलायला लोडर पाळीतून ठरावीक वेळी फिरतो. काळ्या दगडाची धार टायरला चिरते, म्हणून टायरच्या खर्चात झालेला फरक चालकांना डिझेलच्या आधी जाणवला.

पावसाळ्याचे वेगळे सांगायला हवे. १६ ला १ हा चढ म्हणजे सव्वासहा टक्के. चिखलात रोध आठ टक्क्यांवर गेला की रिकामा डंपर उतारावरून खाली येतानासुद्धा आपल्या वजनाने येत नाही, त्याला इंजिनाने ओढावे लागते. जाताना जाळायचे आणि येतानाही जाळायचे, अशी ती स्थिती असते. हिशेबात दिसलेली सगळी बचत म्हणूनच वर्षभर हाती लागत नाही, आणि कारखान्याला कळवायचा आकडा काढताना उन्हाळ्याचा महिना निवडून तो वर्षाला लावू नये, असा आग्रह मी धरला. तो मान्य झाला, याचे मला समाधान आहे.

मग इलेक्ट्रिक डंपरचे काय

आता मूळ प्रश्नाकडे वळता येते. दुरुस्त झालेल्या त्याच रस्त्यावर, त्याच खालच्या खड्ड्यात इलेक्ट्रिक डंपर चालवला तर चढताना लागणारी आणि उतरताना ब्रेकमधून परत मिळणारी ऊर्जा, चार्जिंगमधील घट हे सगळे धरून खेपेला सुमारे साडेपाच युनिट वीज लागते. भारतातील वीजजाळ्यातील एका युनिटमागे आज सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड आहे, कारण आपली बहुतेक वीज अजून कोळशावर होते. म्हणजे खेपेला ३.९ किलो. डिझेल डंपरचे ४.३ किलो. फरक दहा टक्क्यांच्या आतबाहेर, आणि बॅटरीच्या जादा वजनामुळे दगड कमी भरावा लागला तर तोही जवळजवळ पुसला जातो. तळातल्या हवेत धूर नाही, आवाज नाही, हे लाभ खरेच आहेत आणि तेथे काम करणाऱ्या माणसांसाठी ते मोठे आहेत. पण कार्बनच्या नावाने ही खरेदी करायची असेल तर वीज कुठून येते याचे उत्तर आधी हवे. २०२२ च्या केंद्रीय नियमांनी १०० किलोवॅट मागणीपासून पुढच्या ग्राहकांना हरित ऊर्जेची मुक्त प्रवेशाने, म्हणजे वितरण कंपनीऐवजी थेट उत्पादकाकडून, खरेदी खुली केली आहे. क्रशर चालवणारी खाण त्या मर्यादेत सहज बसते. तो करार झाल्यावर हा हिशेब पूर्णपणे पालटतो, आणि केवळ डंपरचा नव्हे, क्रशरचाही.

येथे एक गैरसमज दूर करावा लागला. दरपत्रकासोबत बीएस-सहा डिझेल डंपरचाही पर्याय होता आणि तो घेतल्यास उत्सर्जन पुष्कळ घटेल असे मालकांना वाटत होते. २०२० च्या एप्रिलपासून लागू झालेल्या या मानकाने धुरातील कण आणि नायट्रोजनची ऑक्साइडे खूप कमी होतात, आणि खाणीभोवतीच्या वस्तीसाठी ते चांगलेच आहे. कार्बन डायऑक्साइड मात्र जितके डिझेल जळेल तितकाच निघतो.

वरच्या कड्याचे गणित निराळे आहे. तेथे भरलेला डंपर खाली येतो आणि रिकामा वर जातो. डिझेल डंपर उतरताना २८ टनांची बहुतेक ऊर्जा ब्रेकमध्ये तापवून फुकट घालवतो आणि वर चढताना पुन्हा डिझेल जाळतो. रस्ता चांगला असला तरी खेपेला ०.९ लिटर, म्हणजे अडीच किलो. इलेक्ट्रिक डंपर तीच उतरणीची ऊर्जा बॅटरीत भरून घेतो आणि तीवर रिकामा वर चढतो. त्याच ४० मीटरच्या फरकात त्याला जाळ्यातून सव्वा ते पावणेदोन युनिटच घ्यावी लागतात, म्हणजे फार तर सव्वा किलो. आजच्या कोळशाच्या विजेवरही निम्मी घट. स्वित्झर्लंडमध्ये बील शहराजवळच्या एका सिमेंटच्या दगडखाणीत ६५ टन माल वाहणारा, सुमारे ६०० युनिट क्षमतेच्या बॅटरीचा डंपर याच तत्त्वावर चालतो. तेथे उतार तीव्र आहे आणि माल गाडीच्या वजनापेक्षा बराच जड आहे, म्हणून तो चढायला लागते त्याहून अधिक वीज उतरताना मिळवू शकतो. आपल्या खाणीचा उतार त्यामानाने सौम्य आहे, म्हणून तेवढी अपेक्षा धरू नये.

खालच्या खड्ड्यासाठी मी डंपरच सुचवलेला नाही. स्वीडनमधील आयटिकच्या तांब्याच्या खाणीत २०१८ पासून चढावर वरून तारा टाकून डंपरना वीज देण्याचे प्रयोग झाले, दक्षिण आफ्रिकेत मोगलाक्वेनाच्या प्लॅटिनम खाणीत २०२२ मध्ये हायड्रोजनवरचा महाकाय डंपर चालवून दाखवला. ते उपाय शेकडो टनांच्या गाड्यांचे आणि वर्षानुवर्षे न हलणाऱ्या चढांचे आहेत. आपल्या मापाचा उपाय म्हणजे दगड वाहून नेणारा फिरता पट्टा, कन्व्हेयर बेल्ट. पहिला जॉ क्रशर खड्ड्याच्या तळाशी नेला आणि फोडलेला दगड पट्ट्यावरून वर आणला, तर १२ टन लोखंड रोज वर-खाली नाचवायची गरजच उरत नाही. ४० मीटर उंचीसाठी सुमारे दीडशे मीटर लांबीचा पट्टा लागेल, आणि १६ टन दगडाला घर्षणासकट अडीच युनिटांच्या आसपास वीज, म्हणजे पावणेदोन किलो. डिझेल डंपरच्या ४.३ किलोंच्या निम्म्याहून कमी.

अडचण सुरुंगाची आहे. क्रशर तळाशी असेल तर उडणाऱ्या दगडांपासून त्याला पुरेशा अंतरावर ठेवावे लागते आणि तोंड सरकत गेले की तोही सरकवावा लागतो. त्याहून मोठी अडचण खाणपट्ट्याच्या, म्हणजे खाण चालवण्याच्या सरकारी कराराच्या, मुदतीची. उरलेल्या वर्षांत या फिरत्या पट्ट्याची गुंतवणूक वसूल होईल का, याचे उत्तर अभियंत्याकडे नसते, ते नूतनीकरणाच्या आदेशात असते. म्हणून अहवालात मी असे लिहिले की, वरच्या कड्यासाठी एक इलेक्ट्रिक डंपर भाड्याने घेऊन पावसाळा संपल्यावर चालवून पाहावा, फिरत्या पट्ट्याचे दर आत्ताच मागवावेत पण खरेदी नूतनीकरणानंतर करावी, आणि तोपर्यंत डिझेलच्या वहीत वरच्या व खालच्या भागांचे दोन वेगळे रकाने काढून ब्रासमागे लिटर हा आकडा रोज पाळी संपताना लिहावा. दोन रकाने दुसऱ्याच दिवशी सुरू झाले. कारखान्याला पाठवलेल्या पत्रातही दोन्ही भागांचे आकडे वेगवेगळे, पावसाळ्यासह, गेले आहेत.